ब्रेक नसलेली बोट आणि बंद पडलेलं इंजिन

नॅरोबोटीला ब्रेक नसतो. पंधरा-वीस टन वजनाची ही लांबलचक पोलादी बोट थांबवायची, तर इंजिनाचा दांडा मागे ओढून पंखा उलटा फिरवायचा. पाणी पुढे लोटलं जातं आणि बोट हळूहळू थांबते. वळण्याचं कामही बरंचसं पंख्यावरच अवलंबून असतं, कारण सुकाणू पंख्याच्या लगेच मागे असतं आणि पंख्याने फेकलेलं पाणी त्यावर आदळतं तेव्हाच त्याचा खरा जोर लागतो. त्यामुळे इंग्लंडच्या कालव्यावर सहलीच्या ऐन मध्यात इंजिन बंद पडलं, तर पुढे जाणं थांबतंच, शिवाय थांबण्याची सोयही जाते आणि वळण्याची ताकद निम्म्याहून कमी होते.

तरीही कालव्यावर मुरलेली माणसं या प्रसंगाला फारशी घाबरत नाहीत. त्याला कारणं आहेत. कालव्याचं पाणी बहुतेक ठिकाणी स्थिर असतं. वेगाची कमाल मर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर आहे. काठावरून झपाझप चालणारा माणूस बोटीला सहज मागे टाकतो. काठ अगदी जवळ असतो आणि खोली बहुतेक ठिकाणी कंबर ते छातीइतकीच असते. समुद्रात इंजिन गेलं, तर पुढचं वारा आणि भरती-ओहोटी ठरवतात. कालव्यावर ते बोटीवरची माणसं ठरवू शकतात. पहिल्या दोन मिनिटांत काय करायचं हे मात्र त्यांना ठाऊक हवं.

इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे ३,२०० किलोमीटर जलमार्गांची देखभाल २०१२ पासून ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ ही धर्मादाय संस्था करते. उन्हाळ्यात या कालव्यांवर भाड्याच्या बोटींची वर्दळ असते. बोट चालवण्यासाठी परवाना लागत नाही. निघण्याआधी कंपनीचा माणूस सगळं समजावून सांगतो, थोडं अंतर सोबत येतो आणि मग आठवडाभर बोट पाहुण्यांच्या ताब्यात. मुलांकडे किंवा नातेवाइकांकडे ब्रिटनला गेलेल्या मराठी कुटुंबालाही अशी सहल करता येते. बोट आतून छोट्या घरासारखी असते, पण रुंदी जेमतेम २.०८ मीटर, कारण जुन्या अरुंद कालव्यांवरचे लॉक साधारण सात फूट रुंदीचेच बांधलेले आहेत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेतात. मागच्या टोकाला फळ्यांखाली डिझेल इंजिन असतं, बहुधा ३५ ते ४५ अश्वशक्तीचं. आपल्याकडच्या शेतकऱ्यांना हे यंत्र अगदीच अनोळखी वाटायचं नाही. बोटींसाठी इंजिनं तयार करणारी ‘बीटा मरीन’ ही ब्रिटिश कंपनी मूळ इंजिन घेते ते कुबोटाचं, ज्या कुबोटाचे ट्रॅक्टर महाराष्ट्रातही चालतात.

आता ती पहिली दोन मिनिटं.

इंजिन बंद पडलं तरी बोट लगेच थांबत नाही. पंधरा टनांचा वेग लवकर ओसरत नाही, आणि इथे तोच उपयोगी पडतो. बोट पुढे सरकत असते तोवर सुकाणू थोडंफार ऐकतं, फक्त सुकाणूचा दांडा नेहमीपेक्षा जास्त वळवावा लागतो. त्या वेळात बोटीचं तोंड पायवाटेच्या काठाकडे वळवायचं. पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत बसायचं नाही. अनेक जण ही ओसरती गती किल्लीशी झटापट करण्यात घालवतात आणि बोट समोरच्या काठावरच्या झुडपात जाऊन रुतते. त्या बाजूला बहुधा पायवाट नसते, खासगी शेतं आणि बागा असतात. तिथे अडकलेली बोट सोडवायला मग बांबू आणि बराच वेळ लागतो.

काठ जवळ आला की एकाने मधला दोर घेऊन उतरायचं. उडी मारायची नाही, पाऊल टाकता येईल इतकी बोट जवळ आल्यावरच पाय टाकायचा. छपराच्या मध्यावर बांधलेला हा दोर फार कामाचा आहे, कारण त्या एका दोराने आख्खी बोट समांतर ओढून धरता येते. काठाला लोखंडी पत्रा असेल तर त्यात आकडा अडकवायचा. नुसती माती असेल तर लोखंडी खुंट्या हातोड्याने ठोकायच्या आणि पुढचा-मागचा दोर बांधायचा. बोट भिंतीवर किंवा दुसऱ्या बोटीवर जात असेल तर मध्ये हात किंवा पाय घालायचा मोह होतो. तो प्रत्येक वेळी टाळलाच पाहिजे. रंग खरवडला तर पुन्हा लावता येतो. पंधरा टनांखाली सापडलेला पाय मात्र जायबंदी होतो.

बोट बांधून झाली की घाई संपली. चहा ठेवायला हरकत नाही.

हे इतकं सोपं आहे, कारण हे कालवे इंजिनासाठी बांधलेलेच नाहीत. ब्रिजवॉटरच्या ड्यूकने वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला आणण्यासाठी काढलेला कालवा १७६१ साली सुरू झाला. त्यात जेम्स ब्रिंडलीचा मोठा वाटा होता. त्यामुळे मँचेस्टरमध्ये कोळशाचा भाव निम्म्यावर आला असं सांगतात. त्या यशानंतर देशभर कालव्यांचं जाळं पसरलं. बोटी ओढायचे घोडे. रस्त्यावर गाडीला जुंपलेला घोडा जे ओझं ओढतो, त्याच्या कितीतरी पट, २५-३० टन, तोच घोडा पाण्यावरची बोट ओढून नेत असे. काठावरची पायवाट ही फिरायला जाणाऱ्यांसाठी केलेली सोय नव्हती. ती घोड्याची वाट होती. जुन्या पुलांच्या कमानींच्या कडांवर आजही खोल चरे दिसतात. ओल्या, वाळू लागलेल्या दोरांनी दीडशे वर्षं दगड आणि लोखंड घासून ते पाडले आहेत.

बोगद्यात घोड्याला वाट नसे तिथे माणसं पायांनी बोट पुढे रेटत. दोघे जण फळीवर पाठ टेकून आडवे व्हायचे आणि भिंतीवर पावलं टाकत ‘चालायचे’. यॉर्कशायरजवळचा स्टँडेज बोगदा १८११ साली खुला झाला. ५,०२९ मीटर लांबीचा हा ब्रिटनमधला सर्वांत लांब कालवा-बोगदा आहे. भरलेली बोट पायांनी त्यातून पार करायला सुमारे तीन तास लागत. घोडा तेवढ्या वेळात डोंगरावरून पलीकडे नेला जाई.

इंजिन आलं ते बरंच उशिरा. फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन या मोठ्या वाहतूक कंपनीने १९१२ पासून बोटींत स्वीडनची बोलिंडर इंजिनं बसवायला सुरुवात केली. ही एक सिलिंडरची इंजिनं सुरू करायला आधी वरचा लोखंडी गोळा स्टोव्हसारख्या ज्योतीने चांगला तापवावा लागे. उलट जायला वेगळा गिअर नव्हता, इंजिनच उलट्या दिशेने फिरवावं लागे, आणि त्याला हात बसायला वेळ लागे. दुसऱ्या महायुद्धात मनुष्यबळ कमी पडलं तेव्हा शहरी घरांतल्या तरुण मुलींना या कामाचं शिक्षण देऊन ग्रँड युनियन कालव्यावर पाठवलं गेलं. लंडनहून धातूचा माल बर्मिंगहॅमकडे न्यायचा आणि कॉव्हेंट्रीच्या खाणींचा कोळसा घेऊन परत यायचं. एक इंजिनाची बोट आणि तिच्यामागे ओढलेली बिनइंजिनाची दुसरी बोट, मिळून पन्नास टनांच्या आसपास माल. इंजिन सुरू करायचं ते हँडल मारून. आपल्याकडे विहिरीवरचं किर्लोस्कर किंवा लिस्टर इंजिन ज्यांनी सुरू केलं आहे, त्यांना ही कसरत वेगळी समजावून सांगायला नको. दाब सोडणारी खिट्टी उचलायची, जोर लावून हँडल फिरवायचं, वेग आला की खिट्टी टाकायची आणि हँडल सुटून मनगटाला मार बसणार नाही अशा बेताने बाजूला व्हायचं. त्या मुलींपैकी एक एमा स्मिथ. तिने १९४८ साली ‘मेडन्स ट्रिप’ हे पुस्तक लिहिलं.

आजच्या सहलीच्या बोटींची परंपरा मालवाहू बोटींइतकी जुनी नाही. पेशाने इंजिनिअर असलेल्या टॉम रोल्टने १९३९ साली ‘क्रेसी’ नावाची जुनी बोट राहण्याजोगी करून कालव्यांवर प्रवास सुरू केला. तिच्यात फोर्डच्या मॉडेल टी मोटारीचं इंजिन होतं. त्या प्रवासावरचं त्याचं ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ साली आलं आणि ते वाचून लोकांना मोडकळीला आलेल्या कालव्यांविषयी आस्था वाटू लागली. त्यातूनच १९४६ साली ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ उभी राहिली. आज इतके कालवे सहलींसाठी खुले आहेत, ते या आणि नंतरच्या स्वयंसेवकांच्या कष्टांमुळे.

काठाला बांधलेल्या बोटीचं इंजिन का थांबलं हे शोधताना सुरुवात इंजिनापासून करायची नसते. आधी पंखा पाहायचा. इंजिन दमल्यासारखा आवाज करत होतं का, धूर काळा येत होता का, सुकाणू जड झालं होतं का, बोट थरथरत होती का? यांतलं काही असेल तर पंख्यात बहुधा काहीतरी गुंतलं आहे. शहरातून जाणाऱ्या कालव्यांत काय काय निघतं त्याची यादी लांब आहे: प्लॅस्टिकच्या पिशव्या, नायलॉनचे दोर, गालिच्यांचे तुकडे, गादीच्या स्प्रिंगा, सायकलचे टायर, कधी साडीसुद्धा. शरद ऋतूत पानगळीचा जाड थर साचतो. इंजिन चालू असेल तर पहिला उपाय म्हणजे क्षणभर उलटा गिअर टाकणं. बरंचसं गवत आणि पानं तेवढ्याने सुटून जातात.

सुटलं नाही तर ‘वीड हॅच’ उघडावी लागते. पंख्याच्या बरोबर वर, इंजिनाच्या कप्प्यात असलेली ही उभी पेटी म्हणजे नॅरोबोट बांधणाऱ्यांची फार मोठी सोय. तिचं झाकण काढलं की पाण्यात हात घालून थेट पंख्यापर्यंत पोचता येतं, पाण्यात उतरावं लागत नाही. पण आधी इंजिन बंद करायचं आणि किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवायची. बाहेरच्या कुणी ‘आता बघ बरं’ म्हणून किल्ली फिरवली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. काम हिवाळ्यात बोटं बधिर करणारं आणि एरवी चिखलाचं. जुनी पावाची सुरी, करवतीचं पातं आणि तार कापायची मोठी कात्री एवढं हाताशी असलं की बहुतेक गुंता निघतो. स्प्रिंगेच्या तारांना मात्र जाड हातमोजे लागतातच.

या कामात दोन धोके आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला आजाराचा. कालव्याच्या पाण्यात उंदरांच्या मुतातून येणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात. मुंबईत पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालल्यावर डॉक्टर ज्याची भीती घालतात आणि सिंधुदुर्गातल्या भातशेतीत ज्याने माणसं दगावली आहेत, तोच हा लेप्टो. हातावर जखम असेल तर ती नीट झाकायची. काम संपल्यावर साबणाने हात धुवायचे आणि त्याआधी तोंडाला हात लावायचा नाही. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल होणं असं काही झालं, तर डॉक्टरांना कालव्याच्या पाण्याचा संबंध आवर्जून सांगायचा. दुसरा धोका बोट बुडण्याचा. वीड हॅचचं झाकण सैल बसलं आणि पंखा सुरू केला, तर तो पाणी थेट इंजिनाच्या कप्प्यात उडवतो. वर सुकाणूपाशी उभ्या असलेल्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. अशा चुकीने बोटी बुडाल्या आहेत. म्हणून झाकण घट्ट बसवल्यावर गिअर टाकून फळी उचलून आत पाहायचं. पाणी येत नाही याची खात्री झाल्यावरच दोर सोडायचे.

पंखा मोकळा आणि इंजिन तरीही मेलेलं असेल, तर संशय डिझेलवर जातो. टाकीत डिझेल आहे ना हे आधी पाहायचं. बरीच नॅरोबोट इंजिनं तासाला साधारण एक ते दीड लिटर डिझेल खातात आणि भाड्याची बोट टाकी भरून मिळते, त्यामुळे आठवड्याच्या सहलीत डिझेल संपण्याची वेळ सहसा येत नाही. टाकीतलं पाणी हा जास्त नेहमीचा त्रास आहे. अर्धी रिकामी टाकी हिवाळाभर उभी राहिली की आतल्या हवेतला दमटपणा पाणी होऊन तळाशी बसतो. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात त्या थरात सूक्ष्मजंतू वाढतात आणि काळा, चिकट गाळ तयार होतो. हा गाळ फिल्टरमध्ये येऊन बसला की इंजिन अडखळतं आणि थांबतं. म्हणूनच बोटीचे मालक हिवाळ्यात टाकी काठोकाठ भरून ठेवतात आणि फिल्टरखालच्या काचेच्या भांड्यातलं पाणी अधूनमधून सोडून देतात.

फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते, आणि डिझेल इंजिन हवेवर चालत नाही. गावच्या मेकॅनिकच्या भाषेत, एअर धरला. एअर काढायची पद्धत जगभर तीच आहे. फिल्टरवरचा बारीक स्क्रू थोडा सैल करायचा, फीड पंपाची छोटी खिट्टी हाताने वरखाली करायची, फेस येणं थांबून स्वच्छ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. तरीही सुरू झालं नाही तर पुढे पंपाकडे आणि नोझलकडे तेच. अलीकडच्या काही इंजिनांत विजेवर चालणारा पंप हे काम आपोआप करतो. बोट भाड्याची असेल तर नोझलपर्यंत न जाता कंपनीच्या माणसाला बोलवावं. उच्च दाबाचा डिझेलचा फवारा कातडीत घुसला तर ती तातडीने रुग्णालयात नेण्याची इजा असते.

गरम होण्याचं दुखणं वेगळं. बऱ्याच नॅरोबोटींचं इंजिन कालव्याचं पाणी आत घेत नाही. बोटीच्या बाजूच्या पोलादी पत्र्याला आतून एक चपटी टाकी जोडलेली असते. इंजिनातलं गरम पाणी त्या टाकीतून फिरतं आणि बाहेरचं थंड कालव्याचं पाणी पत्र्यामधून त्याला गार करतं. कचरा आणि चिखलाने भरलेल्या पाण्यासाठी ही रचना अगदी योग्य आहे, कारण काही तुंबतच नाही. तरी तापमानाचा काटा चढू लागला तर तीन कारणं आधी तपासावीत: पाणी कमी झालं आहे का, त्या चपट्या टाकीत वर हवा अडकली आहे का, आणि पट्टा तुटला आहे का. अनेक इंजिनांत चार्जिंग आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर चालतात. त्यामुळे चार्जिंगचा लाल दिवा लागला आणि त्याच वेळी तापमानही वाढलं, तर पट्टाच गेला असं धरून ताबडतोब इंजिन बंद करावं. गरम इंजिनाच्या पाण्याचं झाकण उघडू नये हे मोटारी चालवणाऱ्यांना माहीत असतं, पण सहलीच्या उत्साहात ते विसरलं जातं. उकळतं पाणी चेहऱ्यावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबावंच.

सेल्फ उचलत नसेल तर बिघाड बहुधा किरकोळ असतो. गिअरचा दांडा मधल्या जागी आहे का? बॅटरीचं मुख्य बटण कुणी चुकून फिरवलं नाही ना? बॅटरीच्या टोकांवर गंज आहे का? इंजिन सुरू करण्याची बॅटरी बहुधा वेगळी असते आणि दिवे, फ्रिज, पंप यांच्या बॅटऱ्या वेगळ्या. रात्रभर टीव्ही पाहिला म्हणून सकाळी इंजिन सुरू व्हायचं थांबू नये, यासाठीच ही विभागणी.

तुटणारी आणखी एक गोष्ट म्हणजे तारा. सुकाणूपाशी असलेल्या एकाच दांड्यातून दोन तारा निघतात, एक गिअरची आणि एक वेग वाढवायची. वेगाची तार तुटली तर इंजिन मंद फिरत राहतं आणि तेवढ्यावर बोट हळूहळू काठाला लागते. गिअरची तार पुढच्या गिअरमध्ये असताना तुटली तर मात्र पंचाईत होते, कारण दांडा मागे ओढूनही पंखा पुढेच फिरत राहतो. अशा वेळी विचार करत न बसता इंजिनच बंद करायचं. तारांचा एक चांगुलपणा असा की त्या तुटण्याआधी बहुधा दोन-चार दिवस जड होतात, आणि ते हाताला कळतं.

दुरुस्ती हाताबाहेरची आहे असं वाटलं की फोन करायचा. भाड्याच्या बोटीसाठी भाडे कंपनीला, खासगी बोटीसाठी सदस्यत्व घेतलेल्या मदत सेवेला. २००१ साली सुरू झालेली ‘रिव्हर कॅनाल रेस्क्यू’ ही त्यातली मोठी संस्था, रस्त्यावरच्या गाड्यांसाठी असते तशीच. मेकॅनिकला जागा सांगायची रीतही कालव्यांनी पूर्वीच घालून दिली आहे. जवळपास प्रत्येक पुलाला क्रमांक असतो आणि त्याची पाटी कमानीवर असते. कालव्याचं नाव आणि पुलाचा क्रमांक सांगितला की मेकॅनिकला कुठल्या गल्लीतून गाडी आणायची ते कळतं. म्हणून चालवणाऱ्याने येणाऱ्या प्रत्येक पुलाचा क्रमांक मनात धरत जावा.

मेकॅनिक दूर असेल, जागा अडचणीची असेल, तर बोट ओढता येते. सुरुवातीला ती हलत नाही, अंग मागे टाकून सावकाश ताण द्यावा लागतो. एकदा हलली की मग दोन माणसं तिला सहज चालवतात. दोर हाताला किंवा कमरेला कधी गुंडाळू नये. एक जण सुकाणूवर हवाच, नाहीतर बोटीचं तोंड दर दहा पावलांना काठात घुसतं. लॉकमधून असं ओढून नेता येतं, पण उतरताना बोटीची मागची बाजू लॉकच्या भिंतीवरच्या पांढऱ्या रेषेच्या पुढे राहील अशी दोरांनी धरून ठेवावी लागते. वरच्या दरवाज्याच्या पायथ्याला दगडी उंबरा असतो. पाणी उतरताना बोटीचा मागचा भाग त्यावर टेकला तर पुढचा भाग खाली जातो आणि बोट मिनिटभरात बुडू शकते. इंजिन बंद असल्यामुळे तिला पुढे सरकवायला फक्त दोरच उरतात.

सगळे कालवे स्थिर नसतात. पुष्कळ बोटी दरवर्षी जातात तो लँगोलेन कालवा याचं ठळक उदाहरण. वेल्सच्या हॉर्सशू धबधब्यापासून हर्लस्टनपर्यंत सुमारे ७४ किलोमीटरच्या या कालव्यातून पिण्याचं पाणीही वाहतं, त्यामुळे त्याला मंद पण सततचा प्रवाह आहे. लँगोलेनकडे जाणारी बोट प्रवाहाविरुद्ध जाते. अरुंद भागात इंजिन थांबलं तर ती मागे सरकू लागते, तेव्हा इथे लगेच काठ धरणं जास्त महत्त्वाचं. याच कालव्यावर पाँटकसिल्टेचा पाणपूल आहे: १८०५ साली टॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी पुरा केलेला, ३०७ मीटर लांब, डी नदीच्या ३८ मीटर वर आणि २००९ पासून जागतिक वारसास्थळ. एका बाजूला पायवाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला पाण्याच्या वर काही इंचांची लोखंडी कड आणि पुढे मोकळी हवा. इथे इंजिन गेलं तरी बोट पडत नाही, कारण ती लोखंडी पन्हाळीत बसलेली असते. कठड्याच्या बाजूला उतरून दोराने ओढत पलीकडे जाता येतं. मुलांना आत बसवून ठेवावं, कारण उघड्या बाजूला पडायला जागा आहे.

नदी मात्र निराळी. टेम्स, ट्रेंट किंवा सेव्हर्न या नद्यांवर कालव्याचं ज्ञान पुरत नाही. प्रवाह बोटीला बंधाऱ्याकडे नेतो आणि बंधाऱ्याची सांडव्याची बाजू पाण्याच्या पातळीवरून दिसत नाही. नदीवर जाताना नांगर पाहिजे, आणि तो साखळी-दोरासह जोडून सुकाणूपाशी किंवा पुढे तयार ठेवलेला पाहिजे. इंजिन थांबलं की पहिली कृती नांगर टाकणं. कपाटात गुंडाळून ठेवलेल्या नांगराचा उपयोग होत नाही.

आणि काही सवयी. रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी तेल, पाणी आणि पट्टा पाहायला पाच मिनिटं लागतात. रोज संध्याकाळी पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथल्या ग्लँडवर वंगणाची पितळी टोपी दोन फेऱ्या फिरवायची, म्हणजे ग्लँड दोरीतून पाणी झिरपत नाही. इंजिनाजवळ जाताना ओढणी, मोकळे केस आणि लोंबणारे दोर आवरायचे. मेकॅनिकची वाट पाहत असताना थंडी वाजली म्हणून इंजिनाजवळ तंबूसारखं आच्छादन ओढून, किंवा खिडक्या बंद करून, ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ब्रिटनच्या कालव्यांवर एप्रिल २०१९ पासून बोटीत त्याचा अलार्म सक्तीचा आहे आणि खासगी बोटींना दर चार वर्षांनी सुरक्षेची तपासणी करून घ्यावी लागते.

बोट भाड्याने घेणाऱ्यांनी किल्ली हातात घेण्याआधी कंपनीच्या माणसाला एवढं विचारावं: वीड हॅच कुठे आहे, बॅटरीचं मुख्य बटण कुठे आहे, इंजिन बंद करायची तार किंवा बटण कोणतं, आणि रात्री बिघाड झाला तर फोन कुणाला करायचा. हे सगळं नुसतं ऐकून सोडू नये. त्याच्यासमोर एकदा वीड हॅचचं झाकण काढून पुन्हा घट्ट बसवून घ्यावं, आणि ते काम घरातल्या निदान दोन माणसांनी करून पाहावं.